मागून गाणारी बाई

हंसाबाईंनी गाण्याची पहिली ओळ म्हटली, मध्येच थांबल्या आणि मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. आवाज घुमू नये म्हणून मंदारने त्या भिंतीवर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या आणि लग्नात आलेली एक सतरंजी खिळ्यांनी ठोकली होती. सतरंजीवरच्या मोराशिवाय तिथे कोणी नव्हतं.

"कोन हाय मांगं?" हंसाबाईंनी विचारलं.

"कोणी नाही मावशी. म्हणा तुम्ही."

"हाय ना. मी म्हनलं का थेही म्हनते. माह्या मांगून."

"तो तुमचाच आवाज आहे. हेडफोनमधून येते तो."

"माहा आवाज माह्या तोंडात हाय," हंसाबाई ठामपणे म्हणाल्या. "हे दुसरी बाई हाय. आन् नक्कल करून राह्यली."

मंदारने कपाळाला हात लावला. संगणकाच्या पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसत होतं. दिसत व्यवस्थितच असतं, हे त्याला गेल्या आठवडाभरात चांगलं कळून चुकलं होतं.

मंदार डबीर दिग्रसच्या शेती खात्याच्या कचेरीत कारकून होता. त्याचे वडील नरहरराव तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि आजोबा कोर्टात शिरस्तेदार होते, त्यामुळे फायलींत त्याचं बरं चाले. पण त्याचा जीव होता संगीतात. घराच्या मागच्या खोलीत त्याने एक माइक, एक मिक्सर आणि एक संगणक एवढ्या भांडवलावर स्टुडिओ उघडला होता. पेटी, तबला, बासरी, झांजा, सगळं त्या संगणकातल्या एका सॉफ्टवेअरमध्ये होतं. ते सॉफ्टवेअर विंडोजचं. आणि मंदारच्या संगणकातली विंडोज एका पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने आदल्या उन्हाळ्यात खलास करून टाकली होती.

तेव्हा त्याच्या पुण्याच्या मित्राने, अवधूतने, त्याला लिनक्स टाकून दिलं. फुकट, शिवाय व्हायरस नाही. नवा जावई सासरचं कौतुक करतो तसा मंदार त्या दिवसापासून लिनक्सबद्दल बोलायला लागला. कचेरीत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना त्याने ते ऐकवलं होतं. विंडोजचं संगीताचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही, एवढी एकच अडचण होती. पण त्यावरही तोड होती. वाइन नावाचा एक प्रोग्राम मध्ये घातला, की विंडोजच्या सॉफ्टवेअरला आपण विंडोजमध्येच आहोत असं वाटतं आणि ते मुकाट्याने चालू लागतं.

मुकाट्याने हे अगदी खरं होतं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आवाजच आला नाही.

एरवी हा सगळा घरातल्या घरात मामला राहिला असता. पण ती वर्षं शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजची होती. कापसाने जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं, पेपरात आत्महत्यांच्या बातम्यांत रोज आमच्याकडचीच नावं येत होती आणि शेतकऱ्याला धीर द्या असे वरून हुकमावर हुकूम सुटत होते. कोणी पथनाट्यं बसवत होतं, कोणी कीर्तनं करत होतं. मंदारचे साहेब पुंडलिकराव यांनी गाणं लिहिलं. तेही एका बैठकीत, अहवालाच्या पाठकोऱ्या कागदावर.

"हिंमत नको सोडू राजा, हिंमत नको सोडू, एकात्मिक कीड व्यवस्थापनाशी नाते आपण जोडू."

पुंडलिकराव मनाने चांगला माणूस. गाणं गावरान आवाजात हवं, सोमवारपासून जीपवर भोंगा लावून ते गावोगाव वाजवायचं, अशी त्यांची योजना होती. रेकॉर्डिंगला नागपूरला जावं लागेल असं ते म्हणाले, तेव्हा मंदार खुर्चीवरून अर्धा उठून बोलून गेला, "साहेब, नागपूर कशाला? माझ्याकडे लिनक्स आहे!"

लिनक्स म्हणजे काय हे पुंडलिकरावांना माहीत नव्हतं, पण नागपूरला जायचं वाचतं एवढं त्यांना समजलं. आवाजासाठी त्यांनीच किसनतांड्यावरच्या हंसाबाईंचं नाव सुचवलं. हंसाबाईंचा आवाज असा, की होळीला त्यांनी लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांचं होळीचं गाणं, धरली तर पलीकडच्या शिवारातले लोक वेचणी टाकून उभे राहत. अलीकडे मात्र त्यांचं गाणं कोणी ऐकलं नव्हतं. साहेबांनी स्वतः तांड्यावर जाऊन गळ घातली म्हणून त्या आल्या होत्या, आणि शेतात कापूस फुटून लोंबतो आहे हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

आता त्या डोक्यावरच्या पदरावर हेडफोन चढवून, माइकसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आणि कोणीतरी बाई त्यांच्या मागून गात होती.

दोष मंदारला माहीत होता. संगणक आवाज सलग नेत नाही, बादल्या भरभरून नेतो. बादली लहान ठेवली तर त्याची धांदल होते, आवाज सांडतो आणि तव्यावर लाह्या फुटल्यासारखी खरखर ऐकू येते. बादली मोठी ठेवली तर खरखर जाते, पण भरायला वेळ लागतो आणि आवाज उशिरा पोचतो. आधीचे दोन दिवस मंदारने लाह्या ऐकल्या होत्या. शेवटी वैतागून त्याने बादली मोठी केली. लाह्या थांबल्या आणि ही बाई आली.

त्याने हंसाबाईंचा आवाज हेडफोनमधून बंद करून पाहिला. मग त्यांना स्वतःचंच गाणं ऐकू येईना आणि त्या नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा गाऊ लागल्या. माइकचा काटा लाल रंगात जाऊन थरथरत राहिला. मंदारने आवाज पुन्हा चालू केला.

"आली पाहा पुन्हा!" हंसाबाई म्हणाल्या. मग कानावर हात दाबून, माइकला नाही तर त्या बाईला उद्देशून, "का व, तुले तुहं गानं नाई का? माह्यावालंच काहून म्हनतं?"

थोड्या वेळाने त्यांच्या कानात त्या बाईनेही तेच विचारलं. हंसाबाई एवढ्या मोठ्याने हसल्या, की दारात चहा घेऊन आलेल्या आभाच्या, म्हणजे मंदारच्या बायकोच्या, हातातला ट्रे हिंदकळला.

त्यानंतर हंसाबाईंनी भांडण सोडलं. एक ओळ म्हणायची, त्या बाईचं होईपर्यंत थांबायचं, मग पुढची म्हणायची. त्यामुळे झालं असं, की पेटी-तबला पूर्ण गाणं वाजवून शेवटची तिहाई घेऊन मोकळे झाले तेव्हा हंसाबाई दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी होत्या. "एकात्मिक कीड" पाशी त्यांची जीभ अडली ती वेगळीच. "एकटीक कीड," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने मागच्या बाईनेही तसंच म्हटलं, त्यामुळे ते बरोबरच असणार अशी त्यांची खात्री झाली.

मंदार पडद्यावरच्या आकड्यांत डोकं घालून बसला होता. त्याने गाणारीचा चेहरा पाहिलाच नाही. निघताना हंसाबाईंनी हेडफोन जपून खाली ठेवला आणि विचारलं, "आयतवारी येतो मी. थे बाई राहीन ना?"

"नाही मावशी, बिलकुल नाही," मंदार म्हणाला. "तिचा मी पक्का बंदोबस्त करतो."

हंसाबाई चपला घालून बस स्टँडकडे चालू लागल्या.

मंदारने लगेच अवधूतला फोन लावला. खोलीत मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून तो ओसरीत आला. ओसरीत नरहरराव पेपर वाचत होते.

"अवधूत, आवाज अडखळून राहिला रे," मंदार म्हणाला. "हो, वाइनमुळेच. आधी थोडी अडचण होती, आता फारच वाढलं."

नरहररावांनी पेपर थोडा खाली घेतला.

"नाही, वाइनशिवाय नाही ना चालत! त्याशिवाय काहीच उघडत नाही मला... जुनीच आहे, गेल्या वर्षीची. म्हणजे ती सगळी काढून टाकून नवी घ्यायची? ... पोट साफ? हां, फोल्डर साफ. करतो. ... छे, घरच्यांना काय कळणार त्यातलं!"

नरहररावांनी पेपर पूर्ण खाली ठेवला. डबीरांच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. ते मुलाला काही बोलले नाहीत, कारण असल्या गोष्टी तोंडावर बोलल्या की माणूस चिडतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी आधी आभाला विचारलं, "सूनबाई, मंदारचं अलीकडे बरं आहे ना?"

"कुठलं बरं, बाबा?" आभा पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "कचेरीतून आले की त्या खोलीत दार लावून बसतात. जेवायला हाक मारली तर म्हणतात, थांब, आत्ताच चढतंय."

चढत होतं ते सॉफ्टवेअर. पण नरहररावांना एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेले तेव्हा त्यांना पुंडलिकराव भेटले, आणि म्हाताऱ्याने पुलाच्या कठड्यापाशी त्यांना बाजूला घेऊन मन मोकळं केलं.

"बाहेर नका बोलू साहेब. पण तुमच्या शब्दाला तो मान देतो."

"वाइन?" पुंडलिकराव म्हणाले. त्यांना जरा आश्चर्य वाटलं. दिग्रसमध्ये माणूस बिघडला तरी इतक्या वरच्या दर्जाचा बिघडत नसे. "तुम्ही निश्चिंत राहा नरहरराव. रविवारी रेकॉर्डिंग पाहायच्या निमित्ताने येतो. आपल्या खात्याकडे समुपदेशनाचं पुस्तकही आलेलं आहे."

इकडे मंदारने शनिवारची रजा टाकली आणि खोलीचं दार लावून घेतलं. अवधूत पुण्याहून फोनवर एकेक आज्ञा सांगे आणि मंदार ओसरीतून खोलीत, खोलीतून ओसरीत पळत ती टंकून येई. जुनी वाइन गेली, नवी आली. आवाज वाहून नेणारी सगळी व्यवस्थाच बदलली. लिनक्सचा गाभाही बदलला. दुसरी सगळी कामं टाकून आधी आवाजाकडे धावणारा, असा खास गाभा असतो म्हणे. एकदा संगणक सुरूच होईना तेव्हा मंदारला रडू फुटायचं बाकी होतं. पण दुपारी चहाच्या वेळेला त्याने माइकसमोर चुटकी वाजवली आणि ती चुटकी त्याच क्षणी, स्वच्छ, कोरडी, हेडफोनमध्ये वाजली. ना लाह्या, ना उशीर.

मंदारने खोलीतच एक उडी मारली. आभाला ओढत आणलं, हेडफोन घातला आणि तिला "सा" लावायला लावला.

"आला?"

"आला. पण आला म्हणजे काय? सा म्हटलं तर साच येणार ना," आभा म्हणाली आणि कुकरकडे परत गेली. मोठी कामं करणाऱ्याला घरात कदर मिळत नाही, हे मंदारने मनावर घेतलं नाही.

रविवारी हंसाबाई सकाळच्याच बसने आल्या. आज त्यांनी ठेवणीतली काचांची ओढणी घेतली होती आणि त्या खुशीत दिसत होत्या. आल्या आल्या त्यांनी स्वतःच हेडफोन चढवला. मंदारने ऐटीत बटण दाबलं. पेटी वाजली, तबला वाजला.

"हिंमत नोको सोडू राजा, हिंमत नोको सोडू," हंसाबाईंनी म्हटलं आणि थांबल्या.

पेटी पुढे गेली. हंसाबाई थांबलेल्याच. त्यांनी हेडफोन कानावर घट्ट दाबला, हलवून पाहिला.

"म्हणा ना मावशी."

"कुठी गेली?"

"कोण?"

"थे बाई."

मंदारची छाती फुगली. "काढून टाकली!"

हंसाबाईंचा चेहरा असा उतरला, की मंदारला आपण कोणाला तरी घराबाहेर काढल्यासारखं वाटलं.

"काहून?" त्या म्हणाल्या. "काय बिघडवलं होतं तिनं तुमचं?"

"अहो, तो दोष होता मशीनचा!"

"दोष असंन. पन म्हनत होती बिचारी माह्यासंगं." त्यांनी हेडफोन कानांवरून काढून गळ्यात घेतला. "आमचं गानं एकटीचं नसते भाऊ. एकीनं म्हनाचं आन् दुसरीनं मांगून धराचं. माही जेठानी होती मानीबाई. लगन होऊन आली तवापासून मी म्हनो आन् थे धरे. कापूस वेचतानी, जात्यावर, होळीले. दोन वरीस झाले, थे गेली पोरायसंगं पुन्याले, बांधकामावर. तवापासून मले गानं येत नाई. मी म्हनतो आन् मंग मांगून कोनी धरतच नाई, त मी पुढं कशी जाऊ? इथं मशीनमंदी थे भेटली, त मले वाटलं, चाला."

मंदारने खुर्ची पडद्याकडे वळवली. मग म्हणाला, "काळजी नका करू मावशी. आणतो मी तिला परत. दोन मिनिटांचं काम."

त्याने बादली मोठी केली. नव्या व्यवस्थेला ते रुचलं नाही; तिने आवाजच बंद केला. पुन्हा सुरू करून थोडी लहान केली, तर लाह्या फुटायला लागल्या. आणखी मोठी केली, तर पेटी उशिरा आणि हंसाबाई वेळेवर, असं उलटच होऊन बसलं. नव्या गाभ्याला सांगितलं होतं सगळं टाकून आवाजाकडे धाव, आणि तो इमानदार धावत होता. ज्या खोडीने मंदारला आठवडाभर छळलं होतं, तिला आता हात जोडून बोलावलं तरी ती येईना.

आभा म्हणाली, "मी धरू का मागून?" ती लग्नाआधी यवतमाळला पाच परीक्षा देऊन गाणं शिकली होती. तिने धरलं, पण "सोडू" वर आल्यावर तिच्याने राहवेना आणि एक छोटीशी तान निघून गेली.

"हे बाई पुढी पयते," हंसाबाई म्हणाल्या. "मांगून धरनारी पायजेन."

शेवटी मंदार फोन घेऊन ओसरीत आला. घाईत त्याने स्पीकर चालू केला. नेमक्या त्याच वेळी फाटकातून पुंडलिकराव आत येत होते. बगलेत समुपदेशनाचं पुस्तक होतं. नरहरराव त्यांच्या स्वागताला उठून उभे राहिले होते.

"अवधूत, तो उशीर परत कसा आणायचा?" मंदार म्हणाला.

"परत?" फोनमधून अवधूतचा आवाज अख्ख्या ओसरीला ऐकू गेला. "काल दिवसभर घालवून काढला आणि आज तुला तो परत हवाय? मंद्या, तू सकाळी सकाळी प्यायला आहेस का?"

नरहररावांनी डोळे मिटून घेतले. पुंडलिकरावांनी पुढे होऊन मंदारच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळुवारपणे तो फोन बंद केला.

"बसा डबीर. मला सगळं माहीत आहे. किती दिवसांपासून आहे हे?"

मंदारला बरं वाटलं. कोणीतरी आपणहून विचारतं आहे. "गेल्या वर्षापासून साहेब. पण त्रास याच आठवड्यात झाला. काल सगळी जुनी काढून नवी टाकली."

"नवी टाकली," पुंडलिकरावांनी नरहररावांकडे पाहत मान हलवली. "आणि सोडून द्यावीशी नाही वाटत?"

"सोडून मग गाणं कसं होणार, साहेब? तुमचं गाणंसुद्धा वाइनमध्येच चाललं आहे."

"माझं?"

"सगळेच वापरतात साहेब. परदेशात मोठमोठ्या कंपन्या वापरतात. फुकट मिळते."

"फुकट कुठे मिळते?" पुंडलिकरावांनी विचारलं. हा प्रश्न समुपदेशनाच्या पुस्तकात नव्हता.

"इंटरनेटवरून. दाखवतो ना, चला."

त्याने दोघांना खोलीत नेऊन पडद्यावर पेल्याचं एक चित्र दाखवलं. हा प्रोग्राम आहे, याचं नाव वाइन, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला. मग नरहरराव स्वयंपाकघरात गेले आणि आभाकडे पाणी मागून दोन पेले प्यायले. पुंडलिकरावांनी पुस्तक सतरंजीच्या मोराखाली ठेवून दिलं.

"बरं, मग आता अडलंय कुठे?" त्यांनी विचारलं.

हंसाबाईंनीच सांगितलं. मांगून धरणारी गेली म्हणून अडलं.

"पण ती मानीबाई पुण्याला आहे ना?" आभा दारातून म्हणाली. "तिच्या मुलाकडे फोन नाही का?"

 हंसाबाईंनी ओढणीची गाठ सोडून एक चुरगळलेला कागद काढला. त्यावर मानीबाईच्या मुलाचा, राजकुमारचा, नंबर होता. खोलीत रेंज नव्हती, म्हणून माइकची वायर ओसरीपर्यंत ओढली, खुर्चीवर उशी, उशीवर फोन आणि फोनच्या तोंडाशी माइक अशी मांडणी झाली. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा राजकुमारने उचलला, कोणाला तरी हाका मारल्या, मागे काँक्रीटचं मिक्सर घरघरत होतं, आणि मग एक चिरका, घाबरलेला आवाज आला, "कुण छ? कांई हुयो?"

"मी छू, हंसा!" हंसाबाई फोनवर वाकून ओरडल्या. "कांई कोनी हुयो. गीद केयेरो छ!"

काही झालं नाही, गाणं म्हणायचं आहे, एवढंच त्यांनी सांगितलं.  मग मानीबाई हसली, आणि हसताना तिचा आवाज कुठेतरी भिजला. त्यानंतर दोघी जावांचं जे बोलणं सुरू झालं ते कळायला बंजाऱ्यांची गोरबोली येण्याची गरज नव्हती. गाय व्याली का, कापूस किती वेचून झाला, तांड्यावरच्या ममताला स्थळ आलं का, आणि तू खोकतेस का. पुंडलिकराव दोनदा घड्याळ पाहून खाकरले. शेवटी हंसाबाईंनी ओढणी सारखी केली.

"हां, धर व आता."

पेटी-तबला मंदारने बंदच केला. हंसाबाईंनी ओळ म्हटली आणि थांबल्या. ती ओळ दिग्रसहून पुण्याला गेली, आणि जरा उशिराने, खरखरत, मिक्सरच्या घरघरीतून वाट काढत परत आली. हंसाबाईंच्या अंगातलं काहीतरी सैल झालं. त्यांनी डोळे मिटले आणि पुढची ओळ अशी उचलली, की शेजारच्या घराच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाया कठड्याशी आल्या. साहेबांचे ते पाठकोरे शब्द होते खरे, पण चाल आता होळीची होती.

"एकटीक कीड येवस्थापनाशी," हंसाबाईंनी म्हटलं.

"येक टिकली कीड नेवस्थानाशी," पुण्याहून मानीबाईने भक्तिभावाने धरलं.

पुंडलिकराव कळवळले, पण त्यांचा पाय मात्र ठेका धरून होता.

एकदा, कडवं संपल्यावर, मानीबाईने मध्येच बांधकामावर शिकलेल्या हिंदीत विचारलं, "ये हिंमत मत छोडो, ये कौन बोल रहा है?"

"साहेब," हंसाबाई म्हणाल्या.

"त्याले म्हन, हिंमत हाय. भाव पाठव," मानीबाई म्हणाली.

 पुंडलिकरावांनी सतरंजीच्या दिशेने पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. मंदारने तेवढा भाग नंतर कापून टाकला. त्याचं काम झालं होतं. लाटांसारखी हिरवी रेघ पडद्यावर सरळ पुढे सरकत होती, लिनक्स एका जागी अडखळलं नव्हतं.

गाणं संपल्यावर त्याने ते सगळ्यांना लावून दाखवलं. पुंडलिकरावांनी ते मान डोलावत ऐकलं.

"उत्तम. फक्त ती खरखर आणि तो उशीर तेवढा काढून टाका."

"काढता येतो साहेब," मंदार म्हणाला. "आता मला येतं ते. पण मग मानीबाईपण जाते."

पुंडलिकरावांनी ओसरीकडे पाहिलं. तिथे हंसाबाई उशीवरचा फोन दोन्ही हातांत धरून, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. हेडफोन अजून त्यांच्या गळ्यातच होता.

"राहू द्या," साहेब म्हणाले.

सोमवारी जीप निघाली. संध्याकाळी ती परतायला हवी होती. अंधार पडला तरी आली नाही, तेव्हा मंदार कचेरीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. भोंगा बिघडला की काय, या विचाराने तो येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दिव्यांकडे पाहत होता. अखेर धूळ उडवत जीप आली आणि ड्रायव्हर मारोती टोपी झटकत खाली उतरला.

"काय झालं रे? वाजलं नाही का?"

"वाजलं ना साहेब, मस्त वाजलं. किसनतांड्यावर अडकलो." मारोतीने रुमालाने मान पुसली. "तिथल्या बायांनी मानीबाईचा आवाज वळखला. गाडीच सोडेनात. पुन्हा लाव, पुन्हा लाव. मंग भोंग्याच्या तोंडाशी जाऊन तिच्याशी बोलाले लागल्या. कशी हायेस, जेवली का, पोरगा ठीक हाय का."

"मग तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगतलं ना. म्हनलं, बाई, हे रेकाटिंग हाय, तिले आयकू नाई जात, थे जवाब नाई देनार." मारोतीने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "त म्हनल्या, देईन. पुन्याहून येते तो, जरा उशीर लागतेच."